आधी क्रेडिटं मोजा, मग कॉलेज बदला

अमेरिकेत एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांची पत्रं मार्चपासून वाढतात ती मे संपेपर्यंत थांबत नाहीत. बहुतेकांचा सूर एकच: "विद्यापीठाच्या पोर्टलवर निकालाचं अजून काहीच दिसत नाही." त्यातल्या काही निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते. क्रेडिटं किंवा युनिट्स म्हणजे प्रत्येक कोर्सचं मोजमाप; ती ठरावीक संख्येने जमली की पदवी मिळते. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

ताई, मी कॅलिफोर्नियात कूपर्टिनोच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकतेय. नोव्हेंबरमध्ये यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) चार कॅम्पसना ट्रान्सफरचा अर्ज केला. मैत्रिणीला डेव्हिस कॅम्पसचं उत्तर आलं, मला कुठूनच नाही. फेब्रुवारीत मी फिजिक्सचा कोर्स सोडला. त्याचा फटका बसेल का?

आधी मैत्रिणीचं. प्रत्येक कॅम्पस आपापल्या दिवशी निकाल लावतो आणि ३० एप्रिलपर्यंत सगळे लागतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत उत्तर नाही याचा अर्थ नकार असा मुळीच नाही.

मला काळजी फिजिक्सची वाटते. जानेवारीअखेर तू जो ट्रान्सफर अॅकॅडमिक अपडेट (कोर्स आणि गुणांची ताजी माहिती) भरलास, त्यात हा कोर्स 'चालू आहे' असंच लिहिलं असणार. म्हणजे तुझ्या अर्जात आता चुकीची माहिती आहे. आजच चारही कॅम्पसच्या पोर्टलवर जाऊन कोर्स कधी सोडला आणि का सोडला ते दोन ओळींत कळव. लपवलंस आणि प्रवेश मिळाला, तरी उन्हाळ्यात अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) जाईल तेव्हा ते उघडं पडेल आणि दिलेला प्रवेश रद्दही होऊ शकतो. कळवलंस तर फार तर त्यांचा एखादा प्रश्न येईल.

फिजिक्स तुझ्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) पूर्वतयारीत आहे का, हे कुठल्या कॉलेजचा कोर्स कुठे धरला जातो ते दाखवणाऱ्या 'असिस्ट' या संकेतस्थळावर तुझं कॉलेज आणि तो कॅम्पस टाकून बघ. असेल तर स्प्रिंग क्वार्टरमध्ये, म्हणजे एप्रिल-जूनच्या सत्रात, घे, कारण पूर्वतयारीचे कोर्स बहुतेक ठिकाणी स्प्रिंग संपायच्या आत पुरे व्हावे लागतात. ट्रान्सफरला लागणाऱ्या एकूण ९० क्वार्टर युनिट्सचाही हिशेब पुन्हा कर. आणि कोर्स सोडल्यावर तुझी युनिट्स एफ-१ साठी लागणाऱ्या १२ च्या खाली गेली होती का? गेली असतील आणि डीएसओची (कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची) परवानगी घेतली नसेल, तर निकालाचं राहू दे बाजूला, उद्या सकाळी पहिलं काम ते कर.

मॅडम, माझा मुलगा मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. तिथे त्याचं मन रमत नाही. मार्चमध्ये चार खासगी विद्यापीठांत अर्ज केले. आता दिवसभर पोर्टल उघडून बसतो, अभ्यास नाही. सध्याच्या कॉलेजात पुढच्या सेमिस्टरची नोंदणी करू नको म्हणतो, पैसे वाया जातील म्हणून. मी त्यांच्या ऑफिसला फोन केला, तर माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. — एक आई, नाशिक

ते बोलणार नाहीत. १९७४ च्या एका कायद्यामुळे मुलाच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज त्याच्या नोंदींबद्दल पालकांनाही काही सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. तुम्ही रात्री जागून फोन करू नका, जे विचारायचं ते त्यालाच ईमेलवर विचारू दे.

नोंदणी मात्र त्याला करायलाच लावा. खासगी विद्यापीठांचे ट्रान्सफरचे निकाल बऱ्याचदा मेच्या मध्यावर येतात आणि चालू कॉलेजातली नोंदणी एप्रिलमध्येच उघडते. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलात आणि चारही ठिकाणी नकार आला, तर ऑगस्टमध्ये त्याला हवे ते कोर्स मिळणार नाहीत. कोर्सची नोंदणी नंतर रद्द करता येते. हॉस्टेलच्या करारात पैसे अडकू शकतात, तेव्हा तो करार त्याला नीट वाचायला सांगा आणि रद्द करायची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अभ्यासाबद्दल एवढंच सांगते की त्याने अर्ज कॉमन अॅपवरून (अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या सोयीतून) केला असेल, तर अनेक विद्यापीठं मिड-टर्म रिपोर्ट मागतात. त्यात चालू सेमिस्टरचे गुण प्राध्यापकांकडून लिहून घ्यायचे असतात. म्हणजे अर्ज गेला असला, तरी त्याचं मूल्यमापन अजून चालूच आहे. हे त्याला तुमच्यापेक्षा माझ्या तोंडून पटत असेल, तर हे उत्तर त्याला पाठवा.

सर/मॅडम, मी मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन सेमिस्टर झाल्यावर अमेरिकेत ट्रान्सफर घेतली, तर थेट दुसऱ्या वर्षात बसवतील ना?

'थेट' हा शब्द डोक्यातून काढ. प्रवेश मिळणं ही एक गोष्ट आणि तुझे विषय धरले जाणं ही दुसरी. दोन्हींचे निर्णय बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं घेतात.

उदाहरण गणिताचंच घेऊ. तुझ्या एम-१ मध्ये (पहिल्या सेमिस्टरच्या गणितात) कॉम्प्लेक्स नंबर्स, पार्शल डिफरन्शिएशन, मॅट्रायसेस आहेत. एम-२ मध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स, डबल-ट्रिपल इंटिग्रल्स. अमेरिकन विद्यापीठ शोधतं कॅल्क्युलस-१: लिमिट्स, डेरिव्हेटिव्ह, साधं इंटिग्रेशन. हे सगळं तू अकरावी-बारावीत केलंस, पण बारावी म्हणजे त्यांच्या लेखी शाळा. पदवीच्या ट्रान्सक्रिप्टवर कॅल्क्युलस-१ कुठेच नाही, त्यामुळे डिफरन्शियल इक्वेशन्स येणारा मुलगा लिमिट्सच्या वर्गात जाऊन बसतो. असं होऊ नये म्हणून प्रत्येक विषयाचा अधिकृत सिलॅबस, मॉड्यूल आणि तासांसकट, पीडीएफ करून ठेव. गणिताच्या विभागाला प्लेसमेंट टेस्ट किंवा क्रेडिट बाय एक्झाम (परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय) आहे का, तेही विचार. कुठे सूट मिळते, कुठे नाही, पण न विचारता कुणी देत नाही.

मार्कांचं अमेरिकेतल्या चार पॉइंटच्या मापावर रूपांतर स्वतः करू नकोस. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढ, कॉलेजच्या शिक्क्याची झेरॉक्स चालणार नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीटही बऱ्याच ठिकाणी मागतात.

विचारलं नाहीस तरी एक सांगते. पुढे एमएस करायचंच ठरलं असेल, तर इथलं बीई पूर्ण कर. मधेच उडी मारून तिथे तीन-साडेतीन वर्षांची फी भरायची, आणि परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला आर्थिक मदत मिळणं तर फारच दुर्मीळ. घरून तेवढा पैसा सहज उभा राहत असेल, तरच हा विचार कर.

ताई, प्रवेश मिळाला! पण माझी ६४ क्रेडिटं झाली असताना नव्या विद्यापीठाने ४८ च धरली. त्यातली १२ 'इलेक्टिव्ह' (ऐच्छिक विषय) म्हणून. मेजर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. हे ठीक आहे का? जागा राखायचं डिपॉझिट आठवड्याभरात भरायचंय.

अभिनंदन, पण डिपॉझिट भरण्याआधी कागद-पेन घे. 'धरली' आणि 'डिग्रीत मोजली' यात फरक असतो. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात मोकळ्या इलेक्टिव्हना फारशी जागा नसते, म्हणजे ती १२ ट्रान्सक्रिप्टवर नुसती शोभेला. कामाची उरली ३६. डिग्री १२० ची असेल तर ८४ बाकी, सेमिस्टरला १५ धरली तर सहा सेमिस्टर. जुन्याच ठिकाणी राहिलीस तर ५६ बाकी, म्हणजे चार. फरक एका अख्ख्या वर्षाच्या फीचा आणि राहण्याखाण्याचा.

हा आकडा अंतिम नसतो. इलेक्टिव्हमध्ये टाकलेल्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि लॅबचे तास जोडून विभागाकडे फेरतपासणी माग. अॅडमिशन ऑफिसकडे नको, त्यांच्या हातात ते नसतं. बाकीची १६ का नाकारली ते लेखी घे. सी पेक्षा खालची ग्रेड असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, विषय जुळला नाही म्हणत असतील तर जरूर घाल. शेवटची किती क्रेडिटं त्यांच्याकडेच करावी लागतात, हाही नियम विचार, बऱ्याच ठिकाणी तो ३० चा असतो. आठवडा पुरणार नाही, म्हणून डिपॉझिटला मुदतवाढ माग. मागण्यात काही कमीपणा नाही.

नकार आला. अपील करू का?

अर्जाच्या वेळी नसलेली, ठोस नवी माहिती असेल तर कर. 'मी खूप मेहनती आहे' ही नवी माहिती नव्हे. वेटलिस्टवर असशील तर मात्र जागा हवी असल्याचं कळवून नवे गुण पाठव.

ऑगस्टमध्ये एमएसला आलो. जानेवारीत दुसऱ्या विद्यापीठात जायचंय, तिथला प्रवेश मिळाला आहे. आय-२० चं (विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या कागदाचं) काय? व्हिसा पुन्हा काढावा लागेल?

प्रवेशपत्र घेऊन सध्याच्या डीएसओकडे जा. तो तुमचा सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या विद्यापीठाकडे सोडायची तारीख ठरवेल. ती तारीख येईपर्यंत मन बदललं तर रद्द करता येतं. ती उलटली की जुन्या विद्यापीठाच्या हातात काही राहत नाही, म्हणून सेमिस्टरची परीक्षा आणि कॅम्पसवरची नोकरी संपल्यानंतरचीच तारीख मागा, कारण त्या दिवसानंतर जुन्या कॅम्पसवर काम करता येत नाही. रेकॉर्ड सोडल्यापासून पाच महिन्यांच्या आत, आणि जी पुढची टर्म असेल तिलाच, नवे वर्ग सुरू व्हायला हवेत. सेव्हिस क्रमांक तोच राहतो, त्याची फी पुन्हा नाही. व्हिसाची मुदत असेल तर त्यावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी चालतं, प्रवासात नवा आय-२० जवळ ठेवा.

दोन गोष्टी आणखी. एमएसची क्रेडिटं फार थोडी हलतात, अनेक ठिकाणी सहा ते नऊच. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने एफ-१ च्या नियमांत बदलांचा प्रस्ताव मांडला. त्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रम बदलण्यावर निर्बंध सुचवले होते. तेव्हा मागच्या वर्षी मित्राने काय केलं यावर विसंबू नका. आज काय लागू आहे ते डीएसओला ईमेलने विचारा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.