वाचकांचे प्रश्न : शाईची रेघ, हाताचे अक्षर आणि जलरंग

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. साधे शाईचे रेखाटन किंवा हाताने घडवलेले अक्षर आणि त्यामागे जलरंगाची पार्श्वभूमी, हा प्रकार घरोघरी हौसेने केला जात आहे. त्यातील अडचणीही सर्वांच्या सारख्याच आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच देत आहे.

प्रश्न : आमच्या कौलारू घराचे शाईने रेखाटन करून त्यावर जलरंगाचा हलका हात दिला, तर सगळी रेघ निळसर होऊन पसरली. दुसऱ्या वेळी आधी रंग देऊन मग पेन चालवले, तर रेघेला केसासारखे फाटे फुटले. दोन्हीकडून बिघडते, तर चुकते कुठे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे बिघाड एकत्र आले आहेत. रेघ निळसर होऊन पसरली, हा दोष शाईचा आहे. फाउंटन पेनची नेहमीची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते आणि ती कितीही वाळली तरी ओला ब्रश लागताच पुन्हा सुटते. पुष्कळशा जेल पेनांचेही तसेच होते. जलरंगाखाली टिकते ती न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, म्हणजे बाटलीत मिळणारी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक किंवा 'पिगमेंट इंक' असे छापलेली बारीक टोकाची ड्रॉइंग पेने. अशा बाटलीतल्या शाईत बहुधा लाख असते आणि ती वाळून घट्ट बसते, म्हणून ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. तिच्यासाठी बुडवायचा टाकच वापरावा.

तरीही पेनावरच्या छपाईवर विसंबू नये, कारण एकच शाई एका कागदावर पक्की बसते आणि दुसऱ्यावर सुटते. ज्या कागदावर चित्र काढायचे त्याच कागदाची पट्टी कापून घ्यावी, जवळच्या प्रत्येक पेनाने तिच्यावर एकेक रेघ ओढावी, आणि पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने व दुसऱ्या दिवशी रेघांच्या वेगवेगळ्या भागांवरून ओला ब्रश फिरवावा. कोणत्या पेनाला किती वेळ द्यायचा हे त्या पट्टीवर स्पष्ट दिसते. ही तपासणी न करता मी एकदा चाळीस निमंत्रणपत्रांवर अक्षरे लिहिली होती आणि रंगाचा हात देताना ती सगळी वाया गेली. तेव्हापासून अशी पट्टी माझ्या टेबलावर कायम असते.

दुसरा बिघाड ओलाव्याचा आहे. रंगाची चकाकी गेली की कागद वाळला असे वाटते, पण आत पाणी शिल्लक असते आणि शाई त्या वाटेने धागे धरून पसरते. बोटांची मागची बाजू कागदाला अलगद टेकवावी; गारवा जाणवला तर कागद अजून ओला आहे, कारण आतले पाणी उडत असते तोवर कागद गार लागतो. कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत ही परीक्षा तासन् तास उतरत नाही. हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, मात्र चकाकी गेल्यानंतरच, कमी झोतावर आणि हातभर अंतरावरून, नाहीतर ओला रंग ढकलला जाऊन कडेला डाग धरतात.

आधी रेघ की आधी रंग, असे विचाराल तर कौलारू घरासाठी मी निःशंकपणे आधी रेघ सांगेन. सगळी कौले काढू नयेत. छपराच्या माथ्यावरची कोन्याची ओळ आणि वळचणीची कड नीट ओढावी, सावलीच्या कोपऱ्यात दहाबारा कौले मनापासून काढावीत आणि उरलेले छप्पर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाच्या एका सलग, पातळ हातावर सोपवावे. उरलेली कौले बघणाऱ्याचा डोळा आपोआप भरून घेतो आणि घराला ऊन लागल्यासारखे दिसते.

प्रश्न : ड्रॉइंगच्या वहीतला कागद रंग देताच पापडासारखा वाकतो. महागडा कागद घेतल्याशिवाय हे काम होतच नाही का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : होते, पण कागदाच्या बाबतीत फार काटकसर करू नये, रंग आणि ब्रश साधे असले तरी निभावते, कागद कमी पडला तर निभावत नाही. वहीचा कागद दीड-पावणेदोनशे जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) आसपास किंवा त्याहून हलका असतो. जलरंगासाठी 300 जीएसएमचा, थोडा खरखरीत कोल्ड प्रेस कागद घ्यावा आणि एका मोठ्या शीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करावेत. एवढ्या आकारात खर्च आटोक्यात राहतो. फार खरखरीत कागद मात्र टाळावा, कारण त्यावर बारीक पेनाचे टोक झिजते आणि रेघ तुटते.

हलकाच कागद वापरायचा असेल तर तो पाण्यात भिजवून, लाकडी पाटावर पसरून, चारही कडा पाण्याने चिकटणाऱ्या खाकी कागदी पट्टीने बंद कराव्यात आणि रात्रभर वाळू द्यावा. तो ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बसतो. पुण्यात 1940 पासून चाललेल्या हातकागद संस्थेचे कागदही आपल्याकडे अनेकांनी वापरले आहेत. हातकागद घेताना तो पाणी किती लवकर पितो एवढे एका थेंबाने पाहावे. थेंब लगेच जिरला तर त्या कागदाला पुरेशी खळ नाही, आणि त्यावर शाई फुटणारच.

प्रश्न : नातेवाइकांना पाठवण्यासाठी मी 'शुभ दीपावली' असे हाताने लिहून मागे जलरंग देतो. रंग सुंदर येतो, पण अक्षरे त्यात हरवतात, आणि शब्द कागदावर नीट बसतही नाही. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. फळ्यावरचे माझे अक्षर चांगले होते, मग इथे असे का व्हावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला. फळ्यावर अक्षराला काळी, सपाट, शांत पार्श्वभूमी मिळते. जलरंग मात्र स्वतःच हलतो, एके ठिकाणी गडद होतो आणि दुसरीकडे विरतो, आणि त्याच्या गडद भागावर गडद शाई आली की अक्षर बुडते. म्हणून शब्द कुठे बसणार हे आधी ठरवावे आणि तेवढी जागा रंग देताना जवळजवळ पाण्यासारखी फिकी ठेवावी. गडद रंग कडांना जाऊ द्यावा. वाळल्यावर मोबाइलवर त्या कागदाचा कृष्णधवल फोटो काढून पाहावा. शब्दाची जागा फोटोत फिकट राखाडी दिसली तर काळी शाई उठून दिसेल. मध्यम राखाडी दिसली तर काळी किंवा पांढरी कोणतीच शाई धड उठणार नाही, आणि तो कागद अक्षराविना छान आहे असे समजून बाजूला ठेवावा.

आता शब्दाच्या बसण्याविषयी. 'शुभ दीपावली' हे शब्द सोपे वाटतात, पण 'शु'चा उकार खाली उतरतो आणि 'दी' व 'ली' यांच्या वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात. आपण कागदाचा मध्य काढून तिथे अक्षरांची उभी जागा आखत असाल, तर वर किंवा खाली जागा कमी पडते. आधी उकारासह आणि वेलांट्यांसह पूर्ण शब्द रद्दी कागदावर खऱ्या मापात लिहावा आणि त्याची संपूर्ण उंची मोजूनच मध्य ठरवावा. त्या खुणा मूळ कागदावर फक्त समासात कराव्यात. शब्दाखाली पेन्सिल फिरवू नये, कारण जलरंगाखाली गेलेली पेन्सिलची रेघ रंग वाळल्यावर खोडरबराने नीट निघत नाही.

शिरोरेषा शेवटी द्यावी, आणि 'भ'पाशी थांबून द्यावी. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिला अक्षरे लटकवण्याची पद्धत होती, तीच सवय देवनागरीत आली तर घात होतो. 'भ'च्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटलेली असते. ती सलग ओढली की 'भ' हा 'म'सारखा दिसतो आणि आपल्या शुभेच्छापत्रावर 'शुम' उमटते. तयार पत्रांवरही मी हा दोष पाहिला आहे, आणि दर वेळी मला तो टोचतो.

तसेच 'श' आणि 'ल' मराठी वळणाचेच काढावेत. बाहेरून आलेले अक्षरांचे नमुने गिरवताना हिंदी वळण नकळत हातात शिरते. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' हीच मराठीची रूपे मानली आहेत. 'दीपावली'तल्या 'ल'च्या दोन पाकळ्या काढताना हाताला जे सुख मिळते, ते सोडण्याचे काहीच कारण नाही.

आपल्याला जाड-बारीक रेघेचे अक्षर हवे असेल तर बोरू घ्यावा. रोमन अक्षरांच्या कटनिबचा कल देवनागरीला उलटा पडतो. म्हणून बोरूचे टोक त्याच्या विरुद्ध बाजूला तिरपे कापतात. अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाचपट धरून सुरुवात करावी आणि मग डोळ्याला पटेल तशी कमी-जास्त करावी. र. कृ. जोशी, कमल शेडगे, अच्युत पालव या सुलेखनकारांची अक्षरे जिथे पाहायला मिळतील तिथे रेघेचे वळण न पाहता आधी अक्षरांमधली मोकळी जागा पाहावी. फळ्यावर ती जागा आपण वर्षानुवर्षे नकळत सांभाळलेलीच आहे.

प्रश्न : ओल्या रंगावर मीठ टाकून चांदण्यांसारखे ठिपके येतात, ते करावे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : उन्हाळ्यात करून पाहावे. ठिपके सुरेख येतात, पण झटकल्यानंतरही मिठाचा अंश कागदात राहतो आणि दमट हवेत तो पाणी ओढतो, म्हणून गोव्याच्या पावसात त्यावरची शाई फुटण्याचा धोका असतो. जिथे अक्षर यायचे आहे तिथे मीठ टाकू नये. चांदण्याच हव्या असतील तर जुन्या टूथब्रशने पांढऱ्या पोस्टर कलरचे तुषार उडवावेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला देवनागरी अक्षरे रंगवायला शिकवायची आहेत, पण इथे बोरू मिळत नाही.
— एक आई

उत्तर : आइसक्रीमची लाकडी काडी घ्यावी, तिचे गोल टोक धारदार चाकूने आपण स्वतः तिरपे कापावे आणि कडा बारीक सँडपेपरवर घासाव्यात. काडी शाईत बुडवण्याऐवजी ब्रशने तिच्या टोकाला जलरंगच लावावा. मुलीने 'अ' लिहायला सुरुवात केली की रंग भरलेला असतो, काना ओढेपर्यंत तो फिका होत जातो, आणि पुढचे अक्षर दुसऱ्या रंगाने सुरू केले तर दोन्ही रंग शिरोरेषेत एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला तिला पार्श्वभूमी रंगवायला देऊ नये. एका कागदावर तिच्या नावाचे पहिले अक्षर तळहाताएवढे मोठे, दहा वेळा काढू द्यावे, आणि त्यातले तिला आवडलेले तिनेच निवडावे.