एकाच अपडेट क्वेरीत प्रत्येक रोला वेगळी व्हॅल्यू कशी द्यायची?

३०० वस्तूंचे दर बदलायचेत, प्रत्येकीचा नवा दर वेगळा, डेटाबेस मायएसक्यूएल ८ आहे आणि लूपमधून ३०० अपडेट पाठवताना फार वेळ जातो, असं तुम्ही लिहिलंय. एका क्वेरीत होतं की! बहुतेक जण 'केस' (म्हणजे 'अमुक असेल तर तमुक' अशी अटींची यादी) सुचवतील. (कीवर्ड इथे देवनागरीत लिहितोय, चालवताना अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

अपडेट वस्तू सेट दर = केस आयडी व्हेन १०१ देन ४२ व्हेन १०२ देन ५५ एंड व्हेअर आयडी इन (१०१, १०२);

शेवटचं 'व्हेअर' विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. 'केस'ला जुळणी सापडली नाही आणि 'एल्स'ही (काहीच जुळलं नाही तर काय घ्यायचं, ते) नसेल तर उत्तर नल, म्हणजे रिकामं, येतं. माझ्या यादीत नसलेल्या झाडून सगळ्या वस्तूंचे दर उडाले. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून 'व्हेअर' असलं तरी 'एल्स दर' लिहितोच.

पण ३०० 'व्हेन' वाचणार कोण? त्यापेक्षा नव्या दरांनाच टेबल समजून ते आयडीवरून वस्तूंच्या टेबलाशी जोडा, म्हणजे जॉइन करा:

अपडेट वस्तू जॉइन (व्हॅल्यूज रो(१०१, ४२), रो(१०२, ५५)) अ‍ॅज नवे(आयडी, दर) ऑन वस्तू.आयडी = नवे.आयडी सेट वस्तू.दर = नवे.दर;

यादीत नसलेल्या रोला इथे हातच लागत नाही. हे ८.०.१९ पासून चालतं. व्हर्जन त्याआधीचं असेल तर कंसात 'व्हॅल्यूज'ऐवजी प्रत्येक रोसाठी एक 'सिलेक्ट' लिहा आणि ते 'युनियन ऑल'ने जोडत जा. दर एक्सेलमधून येत असतील तर ते सरळ टेंपररी (तात्पुरत्या) टेबलात भरा. मग अपडेटआधी तोच जॉइन 'सिलेक्ट'ने चालवून जुना आणि नवा दर शेजारी-शेजारी बघता येतो. ४२ च्या जागी ४२० पडलेलं तिथेच सापडतं.

'इन्सर्ट ऑन ड्युप्लिकेट की अपडेट' (आयडी आधीच असेल तर रो बदला, नसेल तर नवा घाला) मी या कामाला वापरत नाही. यादीत आयडी चुकला, तर बाकीच्या कॉलमांना डिफॉल्ट असल्यास एरर न देता नवा रो घालून मोकळं होतं.

आणि हो, क्वेरी बदलण्याआधी एक करून बघा. ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी लगेच कायमची करणं) चालू असेल तर इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग, एरवीच्या सेटिंगवर प्रत्येक अपडेटनंतर बदलांची नोंद (लॉग) डिस्कवर पोचवतं, म्हणजे ३०० वेळा. लूपच्या आधी 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' आणि शेवटी एकच 'कमिट' टाका, म्हणजे सगळे बदल एकदमच कायम होतील. ३०० रोंसाठी बहुधा तेवढ्यावरच भागेल.