मास्क लावला आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गेला

प्रश्न: ६४ बिट लिनक्सवर सी भाषेत छोटा मेमरी अ‍ॅलोकेटर लिहीत आहे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ज्या पेजमध्ये (मेमरीचा ४०९६ बाइटांचा तुकडा) आहे त्याची सुरुवात काढायला ‘पत्ता & ~(पेज - १)’ असं लिहिलं. ‘पेज’ हा अनसाइन्ड इंट (ऋण न होणारी ३२ बिट पूर्णसंख्या) आहे, किंमत ४०९६. हेक्समध्ये ७११२३४५६७८९० या पत्त्याचं फक्त ३४५६७००० उरतं आणि एमप्रोटेक्ट (पेजची परवानगी बदलणारं फंक्शन) एरर देतं. ‘पेज’च्या जागी नुसतं ४०९६ लिहिलं की उत्तर बरोबर येतं. असं का?

उत्तर: कंसातला हिशोब आणि त्यावरचा ‘~’ (सगळे बिट उलटे करणारी खूण) हे दोन्ही ३२ बिटांतच उरकतात, पलीकडे ६४ बिटांचा पत्ता आहे, याचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. निकालात, म्हणजे मास्कमध्ये, वरचे २० बिट १ आणि खालचे १२ बिट ०. मग ‘&’साठी तो ६४ बिटांचा होतो. प्रकार अनसाइन्ड, म्हणून वरच्या ३२ जागी शून्यं भरली जातात आणि तीच पत्त्याचा वरचा भाग पुसतात.

नुसतं ४०९६ हे साइन्ड इंट, म्हणजे ऋणही होऊ शकणारा प्रकार. ~४०९५ म्हणजे -४०९६. ऋण संख्या रुंद होताना साइन बिट (ऋण-धन सांगणारा सगळ्यात वरचा बिट) वरपर्यंत पसरतो, वर सगळे १ येतात आणि मास्क बरोबर बसतो. त्याच ४०९६ला ‘यू’ (अनसाइन्डची खूण) जोडून बघा, लगेच बिघडेल. साइन-कन्व्हर्जनची वॉर्निंग चालू असेल तर कंपायलर या बरोबर ओळीवर तक्रार करतो आणि चुकीच्या ओळीवर गप्प राहतो! वॉर्निंग घालवायला ‘यू’ चिकटवू नका.

उपाय: ‘~’ लागण्याआधी रुंदी वाढवा, ~((यूइंटपीटीआर_टी)पेज - १). यूइंटपीटीआर_टी म्हणजे पत्ता मावेल असा अनसाइन्ड प्रकार. हा कास्ट (प्रकार बदलणं) ‘~’च्या बाहेर लावला तर उशीर झालेला असतो. लिनक्स कर्नलचा, पत्ता ठरावीक पटीत बसवणारा अलाइन मॅक्रोही आधी पत्त्याच्याच प्रकारात कास्ट करतो. ‘यूएल’वर (अनसाइन्ड लाँगची खूण) विसंबू नका, ६४ बिट विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच आहे. चाचणी ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर घ्या, खालच्या पत्त्यांवर ही चूक दिसतच नाही.

हाच घोळ ३२ बिट एक्स८६वर पीएई (४ जीबीहून जास्त मेमरी वापरू देणारी सोय) वापरताना होतो. तिथे भौतिक पत्ता ३२ बिटांहून मोठा, पण अनसाइन्ड लाँग ३२ बिटांचा. म्हणून कर्नल भौतिक पत्त्यासाठीचा पेज मास्क मुद्दाम साइन्ड लाँग करून घेतो.

प्रश्न: फाइलमधले आठ बाइट शिफ्ट करून ‘|’ने ६४ बिटांचा पत्ता जोडतो. कधीकधी वरचे सगळे बिट १ होतात.

उत्तर: शिफ्टआधी बाइटचा इंट होतो. चौथा बाइट १२८ किंवा जास्त असला की ‘<< २४’ने त्याचा वरचा बिट साइनच्या जागी जातो. सी भाषेच्या प्रमाणानुसार हे अनडिफाइन्ड, म्हणजे काय होईल याची हमी नाही. प्रत्यक्षात बहुधा ऋण संख्या मिळते आणि ‘|’ करताना वरचे ३२ बिट १ होतात. पाचव्या बाइटचं ‘<< ३२’ तर इंटच्या रुंदीबाहेरच, तेही अनडिफाइन्ड. प्रत्येक बाइट शिफ्टच्या आधी यूइंट६४_टी (६४ बिटांचा अनसाइन्ड प्रकार) करा, आठच्या आठही.