राऊटरवर लाल दिवा लागला म्हणजे लेझर ‘वीक’ झाला का?

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, तालुक्यापासून ९ किलोमीटर फायबर. एप्रिलपासून भर दुपारी नेट बंद पडतं, राऊटरवर लाल दिवा लुकलुकतो, रात्री आपोआप सुरू होतं. लाइनमन म्हणतो, ‘तिकडचा लेझर वीक झाला, आपल्या हातात काही नाही.’

भाऊ, लेझरवर आळ घेण्याआधी शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचा दिवा बघा. तालुक्याच्या यंत्रातला (ओएलटी) एक लेझर एका पोर्टवरून साधारण ३२ घरांना प्रकाश पुरवतो. तो मंदावला तर बत्तीसही घरांत बोंब व्हायला पाहिजे. खांबावरच्या एकाच डब्यातली आठही घरं बंद असतील तर बिघाड त्या डब्यात किंवा त्याच्या मागे. एकटे तुम्हीच बंद असाल तर डब्यापासून राऊटरपर्यंतच्या दोन-तीनशे मीटरमध्ये. दुपारी बंद आणि रात्री चालू, हे लक्षण तर बहुतेक वेळा घरातल्या किंवा डब्यातल्या टोकाचंच असतं.

आता आकडे. इथे प्रकाशाची घट डीबीमध्ये (डेसिबल) मोजतात: ३ डीबी गेले की निम्मा प्रकाश उरतो, १० गेले की दहावा हिस्सा, २० गेले की शंभरावा. फायबरच्या शोधाची सगळी धडपड या एका आकड्यासाठी होती. १९६६ साली इंग्लंडात चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की प्रकाश मुख्यतः काचेतल्या लोखंडासारख्या अशुद्धींमुळे मरतो. घट किलोमीटरला २० डीबीवर आणली तर या तारेवर फोन चालेल. तेव्हाच्या साध्या काचेत ती हजाराच्या घरात होती. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डीबी गाठले. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये अल्फेरॉव्हच्या गटानं आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी-पॅनिश यांनी साध्या तापमानात अखंड चालणारा अर्धवाहक लेझर करून दाखवला. (मैमनचा १९६० चा माणकाचा लेझर झटक्याझटक्यानं चमकायचा, त्यावर फोन चालला नसता.) आजची तार १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डीबी खाते, म्हणजे प्रकाश निम्मा व्हायला १५ किलोमीटर लागतात. काचेत फारसं जातच नाही, जातं ते वाटणीत आणि जोडांत.

तुमच्या लाइनचा हिशेब अंदाजे असा बसेल. लेझर सोडतो +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, १ मिलिवॅट म्हणजे शून्य). ९ किलोमीटर तार आणि वाटेतले जोड मिळून ३ डीबी. १:४ चा स्प्लिटर (एक प्रकाश चार तारांत वाटणारा) ७, पुढचा १:८ चा साडेदहा. चार कनेक्टरचे मिळून दीड. एकूण २२ गेले, घरी उरले −१९. राऊटरला −२७ पर्यंत चालतं, म्हणजे ८ डीबीची सूट हातात आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (हा पत्ता चालला नाही तर खरा राऊटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो), ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे घरी पोचणारा प्रकाश, बघा. सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री १० ला आकडा लिहून ठेवा. सकाळी −२०, दुपारी −२९ दिसलं तर वाद संपला: लेझर तोच आहे, जोड हलतोय.

पहिला संशयित म्हणजे फास्ट कनेक्टर, जो मशीनशिवाय हातानं बसवतात. त्यात तुमची तार आणि आतला तुकडा नुसते टेकवलेले असतात, मध्ये जेल असतं. टिनाच्या छपराखाली डबा पार तापतो, केबलचं आवरण ताणतं-आकसतं, तार केसभर मागे सरकते आणि फट पडते. हा कनेक्टर पुन्हा ठोकून बसवू देऊ नका. काढून फेका, फ्यूजन मशीननं (काच वितळवून जोडणारं) पिगटेल, म्हणजे आधीच कनेक्टर बसवलेला तारेचा तुकडा, जोडून घ्या. त्यात तारेचा लेप सोलून १२५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काच उघडी करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, क्लीव्हरनं (काच कापायचं हत्यार) काटकोनात कापायची आणि कापल्यावर पुन्हा पुसायची नाही. मशीननं ०.०५ डीबीच्या आसपास घट दाखवली तर ठीक, ०.२ दाखवली तर तोडून पुन्हा करा. हे काम वावटळीच्या दिवसात उघड्या ओट्यावर नको, खोलीत बसून करा.

दुसरा संशयित धूळ. प्रकाश चालतो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, केस ७० च्या आसपास. काळ्या मातीचा एक कण पुरेसा होतो. तोंडानं फुंकू नका, दुपट्ट्यानं पुसू नका. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंश तिरपं असतं, निळ्याचं नसतं. हिरवं निळ्यात खुपसलं की बसतं, पण काही डीबी तिथेच जातात.

तिसरा वाक. खिळ्याला गुंडाळलेली, खिडकीच्या फटीत चेपलेली तार. साध्या तारेला ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण नको. ओळखायची खूण चांगली आहे: लाइनमनला १३१० आणि १५५० नॅनोमीटर, दोन्हींवर घट मोजायला लावा. १५५० ला बरीच जास्त आली तर वाक, दोन्हींना सारखीच वाढली तर कनेक्टर किंवा जोड. वानरांनी झोके घेतलेल्या केबलमध्ये दोन्ही सापडतात.

लाल दिवा नसून हिरवा ‘पॉन’ दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. प्रकाश पोचतोय, पण राऊटरची नोंदणी होत नाही; तेव्हा तालुक्यातूनच सिरियल नंबर तपासून घ्यावा लागतो.

अख्खं गाव बंद असेल तर आधी पांदण रस्त्यावर किंवा नालीच्या कामावर जेसीबी लागलाय का, ते बघा.

विजेचा कडकडाट सुरू व्हायच्या आत एक काम उरकून घ्या. काचेतून वीज येत नाही, पण केबलला ताण सोसायला जी पोलादी तार असते तिच्यातून येते. ती भिंतीबाहेरच मीटरभर अलीकडे बांधून तोडायला सांगा, घरात फक्त काचेची तार घ्या. आणि लाइनमन काम करून गेल्यावर कापलेले काचेचे तुकडे चिकटपट्टीनं टिपून बाटलीत भरा. झाडून काढले तर ते फरशीवर पसरतात आणि अनवाणी पायात शिरतात. उघड्या टोकाकडे डोळा लावू नका, हा प्रकाश दिसत नाही.