सात सीटा की दोन?

*ताई, माझं वय ४३. घरात बायको, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि गुडघेदुखीनं बेजार झालेली आई. आमची एकुलती एक हॅचबॅक आता थकली आहे. बायकोला उंच, सात सीटांची एसयूव्ही हवी. माझा जीव मात्र एका सेकंडहँड टू-सीटरवर जडलाय. बायको म्हणते, "तू मोठा कधी होणार?" मी स्वार्थी आहे का? आणि तिला समजावू कसं?*
*– स्टिअरिंगवेडा*

भाऊ,

'खरा प्रश्न गाडीचा नाहीच, मनातल्या कशाचा तरी आहे' असं म्हणायची आम्हा सल्ला देणाऱ्यांना खोड असते. तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. प्रश्न गाडीचाच आहे.

टू-सीटर आधी बाजूला काढू. मुलं दोन आणि शेजारची सीट एक. मग एकाला शाळेत सोडून दुसऱ्यासाठी परत येणार का? आईंचं तर विचारूच नका, जमिनीलगतच्या सीटवरून उठताना सगळा भार गुडघ्यांवरच येतो. घरात दुसरी गाडी असती तर मीच म्हटलं असतं, खुशाल घ्या. एकच असेल तर नाही. तुम्ही स्वार्थी नाही, तुमचा हिशेब चुकलाय इतकंच.

पण वहिनींचा हिशेब तरी कुठे बरोबर आहे? तुम्ही माणसं पाच. उरलेल्या दोन सीटा कुणासाठी? मीही एकदा अशीच 'उपयोगी' गाडी घेतली होती. सात वर्षांत तिच्या तिसऱ्या रांगेत एक छत्री आणि एक चादर, एवढेच प्रवासी बसले. शिवाय ती रांग उघडली की बहुतेक गाड्यांच्या डिकीत सामानाला जागा उरते ती नावापुरती. दोन आठवडे एका वहीत लिहा: कोण बसलं, किती जण, सामान काय. वर्षातून दोनदा पाहुणे येणार असतील तर त्या दोन वेळा मोठी गाडी भाड्यानं घ्या. त्यांच्यासाठी रोज दीड-दोन टनांचं धूड का ओढायचं?

आता तुमच्या वेडाकडे येते. तुम्हाला वेगाची नाही, गाडी हातात खेळण्याची ओढ आहे, असा माझा अंदाज. टू-सीटरच्या चाहत्यांचं दैवत म्हणजे १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५. पहिल्या पिढीत १.६ लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम ११५ हॉर्सपॉवर. आज साध्यासुध्या घरगुती गाड्याही तेवढी देतात. पण वजन एक टनाच्या आत आणि बसणं जमिनीजवळ, म्हणून ती वळणावर सांगाल तशी वागते. मजा येते ती हलकेपणातून. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे ती वळणावर कलते. कलू नये म्हणून सस्पेन्शन कडक केलं, की खड्ड्यातले दणके मागच्या सीटवर पोचतात. म्हणजे आईंनाच.

तुमच्यासारख्यांची सोय १९७६ मध्येच झाली होती. फोक्सवॅगननं साध्या घरगुती गोल्फला ११० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवून जीटीआय विकायला काढली. कंपनीला वाटलं होतं, फार तर ५,००० खपतील. खपल्या लाखांनी. मुलं मागे बसवून वळणांची हौस भागवणारे बाप तेव्हाही कमी नव्हते!

तेव्हा पाच सीटांची, हलकी, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक शोधा. सामान फार निघालं तर स्टेशन वॅगन (हॅचबॅकसारखी बुटकी, पण मागे लांब डिकीची गाडी) बघा, एसयूव्हीइतकं पोटात घेते आणि वळणावर शहाण्यासारखी वागते. मोठ्या चाकांच्या मोहात पडू नका. त्यांच्यावरच्या टायरची रबरी भिंत बुटकी असते आणि रस्त्याचा प्रत्येक खडा कळतो. एक साइज लहान चाक आणि चांगले टायर घ्या, आई आणि तुम्ही दोघंही खूश.

गाडी बघायला जाताना आईंना बरोबर न्याच. त्यांना सीटवर अलगद टेकता आलं पाहिजे. खाली बुडावं लागता कामा नये आणि वर चढावंही लागता कामा नये. दार किती रुंद उघडतं तेही बघा. दोन-तीनदा बसायला-उतरायला लावा, पहिल्यांदा त्या 'ठीक आहे' असंच म्हणतील.

राहिलं वहिनींना समजावणं. समजावू नका. त्यांनी आजवर तुमची थकलेली हॅचबॅकच चालवली असेल, तर गाडी चालवायला मजा येते म्हणजे काय हे त्यांना कुठून कळणार? टेस्ट ड्राइव्हला चावी आधी त्यांच्या हातात द्या, वळणावळणाचा रस्ता निवडा आणि शेजारी बसून एकही सूचना देऊ नका. ब्रेकबद्दलसुद्धा नाही.

– तुमची ताई