मायक्रोस्पंजवर प्रोजेक्ट घेऊ का?

प्रश्न : मी फार्मसी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुरमांवरच्या औषधाचं मायक्रोस्पंज जेल असा प्रोजेक्ट मार्गदर्शकांनी सुचवलाय. मला त्वचेवाटे औषध रक्तात पोहोचवण्याच्या क्षेत्रात जायचंय. याचा उपयोग होईल?

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. मायक्रोस्पंज त्वचेच्या आत शिरत नाहीत. साधारण 5 ते 300 मायक्रॉनचे हे सच्छिद्र कण वरच बसतात आणि पोटात धरलेलं औषध हळूहळू सोडतात. त्वचेची जळजळ कमी होते ती यामुळेच. ट्रेटिनॉइन या मुरमांवरच्या औषधाचं असं जेल अमेरिकेत 1997 पासून मान्यताप्राप्त आहे. औषध रक्तातच पोहोचवायचं असेल, तर तुझी वाट पॅच किंवा मायक्रोनीडलची (अतिसूक्ष्म सुयांची). त्वचेवर लावायच्या औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करायचं असेल, तर मात्र हा प्रोजेक्ट जरूर घे.

कण तयार करणं तसं सोपं. औषध आणि एथिल सेल्युलोज (कणांचा सांगाडा बनवणारा पॉलिमर) 20 मिली डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवायचं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पाण्यातलं 0.5 टक्के द्रावण, 100 मिली, ढवळत ठेवून त्यात ते थेंबथेंब सोडायचं. सुमारे 1000 आरपीएमवर दोनेक तास ढवळून गाळायचं, धुवायचं, 40 अंशांना सुकवायचं. हे आकडे सुरुवातीपुरते, पुढे ते तुलाच बदलावे लागतील. (मुरमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड हे औषध शक्यतो टाळ. कोरडं, शुद्ध असताना ते उष्णतेने किंवा घर्षणाने स्फोट पावू शकतं.)

खरं शिक्षण बॅच बिघडली की सुरू होतं. गाळताना कणांचा चिकट गोळा झाला, तर बहुधा द्रावक पुरता उडालेला नसतो. औषध कमी अडकलं, तर गाळलेलं आणि धुतलेलं पाणी फेकण्याआधी तपास. औषध पाण्यात थोडंफार विरघळणारं असेल, तर ते तिथेच सापडतं. कण उत्तम, पण जेलमध्ये टाकल्यावर औषध हळूहळू सुटण्यावरचं नियंत्रण गायब? जेलमध्ये इथेनॉल आहे का पाहा. एथिल सेल्युलोज त्यात विरघळतं, म्हणजे डबीतच कण मोडतात आणि औषध बाहेर येतं. उरलेल्या डायक्लोरोमिथेनची मर्यादा 600 पीपीएम आहे. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ही चाचणी हमखास राहून जाते.

मुलाखतीत कणांच्या सुंदर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप फोटोंपेक्षा फ्रान्झ सेलवर (पटलातून खालच्या द्रवात किती औषध उतरतं ते मोजण्याचं उपकरण) जास्त प्रश्न येतील. पटलाचं तापमान 32 अंश का, खालच्या द्रवात औषध पुरेसं विरघळतं हे कशावरून, पटलाखाली हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा कमी का येतो? साधं जेल आणि मायक्रोस्पंज जेल, दोन्ही सहा-सहा सेलवर शेजारी लाव. तुलनेशिवाय ‘नियंत्रित’ या शब्दाला आधार नाही.

म्हणून होकार देण्याआधी मार्गदर्शकांना विचार : फ्रान्झ सेल किती चालू आहेत आणि एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) तुला आठवड्यातून किती वेळ मिळेल? एकच सेल असेल, तर आताच विषय आटोपशीर कर. दोन-तीन फॉर्म्युलेशन पुरेत.