पट्टी नॉर्मल आली, मग याला ऑटिझम कसा?

"मॅडम, डोक्याची पट्टी काढली. रिपोर्ट एकदम नॉर्मल आलाय. मग ह्याला ऑटिझम कसा?" खुर्चीत बसायच्या आधीच ओमच्या बाबांनी फाइल माझ्यापुढे ठेवली. (नाव बदललं आहे.) पट्टी म्हणजे ईईजी, मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. तो कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून घातलेला. खाली फरशीवर ओम स्टीलच्या डब्याचं झाकण फिरवत होता. झाकण थांबत आलं की फरशीला कान लावून शेवटची खणखण ऐकायचा आणि पुन्हा फिरवायचा.

ओम साडेतीन वर्षांचा. बालविकासतज्ज्ञांनी निदान केल्यावर त्याची स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी (बोलण्याचा आणि रोजच्या कामांचा सराव) आमच्याकडे सुरू झाली होती. हा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या आठवड्यापासून येणं बंद. मी फोन केला की आई हळू आवाजात म्हणायची, "हे म्हणतात, आता गरज नाही." असे तीन महिने गेले. मग बालवाडीच्या बाई म्हणाल्या, हाक मारली तरी हा बघत नाही. तेव्हा दोघं परत आले.

मी त्यांना दोष देत नाही. पोटच्या लेकराला एवढं मोठं नाव चिकटल्यावर कुठलाही बाप 'नॉर्मल' हा शब्द घट्ट धरून ठेवेल. चुकतो आम्ही, या क्षेत्रातली माणसं. कागद हातात देतो, पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे सांगायला दोन मिनिटं थांबत नाही.

ओमची पट्टी काढायला सांगितली होती ती फिट्सच्या शंकेनं. तो मधेच एकटक बघत राहतो, असं आईनं डॉक्टरांना सांगितलं होतं. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून डॉक्टर अशा तक्रारीकडे दुर्लक्ष करत नाहीत. ऑटिझमचं निदान मात्र मुलाला बघून आणि घरच्यांशी बोलून होतं. मूल हाकेला वळतं का, हवं ते बोटानं दाखवतं का, आवडलेली वस्तू आणून आपल्याला दाखवतं का, एकच गोष्ट तासन्‌तास करतं का. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यात मेंदूच्या फोटोचा किंवा रक्ताच्या तपासणीचा एकही मुद्दा नाही.

बाबांनी मग विचारलं, "मेंदूतच फरक आहे म्हणता, मग मेंदूच्या तपासणीत दिसत का नाही?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि तो रास्तच आहे. मी त्यांना म्हटलं, शाळेच्या कंपाउंडबाहेर उभं राहून कान द्या. घंटा झाली, गलका झाला, एकदम चिडीचूप झालं, एवढं कळेल. पण तिसरीतल्या कुठल्या मुलाला पाढे येत नाहीत, ते कळेल का? ईईजी कवटीच्या बाहेरून असाच लाखो पेशींचा एकत्र आवाज ऐकतो. फिटचा गलका त्याला ओळखता येतो, एका मुलाचा ऑटिझम नाही.

संशोधनात फरक दिसतात, पण ते अनेक मुलांची सरासरी काढल्यावर. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात ऑटिझम असलेल्या, दीड ते अडीच वर्षांच्या ४८ मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्या मुलांना दोन वर्षं खेळातून सघन थेरपी दिली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. शेवटी ईईजी काढताना चेहरे आणि खेळणी दाखवली. थेरपी मिळालेल्या गटातल्या मुलांचा मेंदू चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होता. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. मी हा अभ्यास पालकांना आवर्जून सांगते, कारण थेरपीनं मेंदूच्या कामात बदल घडू शकतो हे त्यात दिसतं. पण 'ब्रेन मॅपिंग करून ऑटिझम पक्का सांगतो' असं म्हणून कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर कृपा करून ते पैसे थेरपीसाठी ठेवा.

बाबा गप्प बसले. आई म्हणाली, "पण तो जेवताना अजून थांबतो. चमचा तसाच हातात, डोळे वर. गालाला हात लावला तरी कळत नाही."

हे ऐकून मी सावध झाले. झाकणात रमलेलं मूल हात लावला की निदान अंग तरी चोरतं. मी म्हटलं, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पहिली पट्टी जागेपणी काढलेली होती, आणि काही दोष फक्त झोपेत दिसतात. बोलणारं मूल अचानक बोलायचं थांबलं, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगावं. मुलाचं बोलणं हिरावून घेणारा, फिट्सशी निगडित असा एक दुर्मीळ आजार १९५७ पासून माहीत आहे, आणि तो झोपेतल्या ईईजीत पकडता येतो.

डॉक्टरांनी झोपेतली पट्टी सांगितली. आजीचा मात्र विरोध. "पोराच्या डोक्याला करंट देणार?" मी त्यांना सांगितलं, आजी, हे मशीन काहीही देत नाही, फक्त ऐकतं. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली, तेव्हापासून ते हेच करत आलंय.

खरी अडचण ओमला डोक्याला हात लावलेला खपत नाही, ही होती. म्हणून दहा दिवस घरी सराव केला. आधी बाहुलीला माकडटोपी, मग बाबांना, मग ओमला, पाच आकडे मोजेपर्यंत. कपाळाला ओला कापूस. आदल्या दिवशी केस धुतले, तेल लावलं नाही. रात्री उशिरापर्यंत जागवून पहाटे लवकर उठवलं. लॅबमध्ये तो झाकण हातात घेऊनच झोपला.

या वेळी दोष दिसला. औषध सुरू झालं आणि चमचा अर्ध्यात थांबणं महिन्याभरात बंद झालं. "आता बोलेल ना?" आजींनी विचारलं. मला त्यांना खरं सांगावं लागलं. फिटचं औषध फिटवर चालतं, बोलण्यासाठी थेरपीच लागेल.

ओम आता चार वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा येतो. बाबा सोबत वही आणतात, घरी काय घडलं ते रोज एक-दोन ओळींत लिहिलेलं. गेल्या बुधवारच्या पानावर आहे : 'झाकण माझ्या हातात दिलं. फिरवीपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.'